निळ्या नखांचे भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक आहेत. अशा माणसाच्या हाताला ग्रीस असावं, तर यांचे हात निळे. नखांच्या कडा निळ्या, पेरांमधल्या भेगा निळ्या, आणि विचार करताना कान ओढायची सवय असल्यामुळे उजव्या कानाची पाळीही निळी. नवीन माणूस त्यांना शाईच्या कारखान्यातला समजतो. कंपनीतली पोरं त्यांना पाठीमागे 'निळोबा' म्हणतात आणि तेही त्यांना ठाऊक आहे. मी भाऊजी म्हणते. मी कपडे शिवते. तळमजल्यावर माझं दुकान, तिसऱ्या मजल्यावर ताई आणि भाऊजी. त्यांच्याकडे भांडं पडलं तरी मला खाली ऐकू येतं. भांडण मात्र कधी ऐकू आलं नाही, कारण ते कधी झालंच नाही. खरी अडचण तीच होती.

हात निळे कशाने, ते सांगते. भाऊजींना फोटोचा नाद आहे. हौस म्हणत नाही मी, हौस कधीतरी भागते.

वर्षातले आठ महिने ते माणसात असतात. उन्हाळ्यात लिफ्टच्या मोटारी तापतात, रजा मिळत नाही, आणि भाऊजींच्या मते तो उजेडही काही कामाचा नसतो. "उन्हाळ्यातला उजेड आगाऊ पाहुण्यासारखा, न विचारता घरात घुसतो. थंडीतला दारात उभा राहून विचारतो, येऊ का," असं ते एकदा म्हणाले होते. या विषयावर त्यांनी केलेलं हे सर्वांत लांब भाषण. थंडी पडली की दर रविवारी पहाटे ते बाहेर. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून घेतलेला लाकडी पेटीचा कॅमेरा, लिफ्टच्या भंगारातल्या नळ्यांची स्वतः केलेली तिवई, थर्मास, आणि डोक्याला काळं फडकं. जायचं कुठे, तर पाणी शुद्ध करायच्या केंद्रामागच्या तळ्यावर. नाहीतर मालगाड्यांच्या यार्डात. नाहीतर विटांच्या भट्टीकडे. धुकं असेल तिथे. कॅमेऱ्याचं भोक बारीक करून ठेवायचं, टोपण काढायचं आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजत उभं राहायचं. आकडे पुष्कळ असतात. तेवढ्यात माझं एका झब्ब्याचं काज-बटण होतं.

एवढं करून फोटोत काय येतं? धुकं. धुक्यात एक खांब. फार तर अर्धी होडी. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊजी, कोरा कागद दुकानात मिळतो की."

"मिळतो," ते म्हणाले. "पण तो सपाट असतो."

फोटो काढून माणूस गप्प बसला असता तर मी एवढं बोलले नसते. पण त्यांना ते स्वतः छापायचे असतात, आणि तेही जगाला सोडून. दोन औषधं पाण्यात कालवायची, पडदे ओढून ती कागदाला ब्रशने लावायची, कागद रजयांच्या कपाटात वाळवायचे आणि रजया सोफ्यावर. वाळला की त्यावर फोटोची निगेटिव्ह, वर काच, आणि ठेव उन्हात. ऊन लागेल तिथे रंग धरतो, सावली राहील तिथे धरत नाही. मग साध्या पाण्यात धुतलं की सावलीची जागा पांढरी आणि बाकी सगळं निळं. त्या निळ्याला मात्र नाव ठेवायला जागा नाही. तसं कापड मला बाजारात अजून मिळालेलं नाही.

ऊन कुठलं, हाही प्रश्न होता. आमच्या इमारतीच्या गच्चीवर निम्मा दिवस शेजारच्या उंच इमारतीची सावली. पण भाऊजींच्या खिशात गावातल्या सगळ्या लिफ्टखोल्यांच्या किल्ल्या, आणि लिफ्टखोली असते गच्चीवर. सकाळी एखाद्या गच्चीवर चौकट ठेवायची, खाली जाऊन लिफ्ट दुरुस्त करायची, दुपारी चौकट उचलायची. एकदा कुणा बाईने त्या काचेवर आपली गोधडी उन्हात टाकली. तळ्याचं धुकं छापायचं होतं, छापली गेली गोधडीची झालर. दुसरा कुणी कपाळावर हात मारून घेता. भाऊजी त्या बाईच्या घरी आभार मानायला गेले. तिने दार उघडलं नाही.

मग कागद पुरेना म्हणून उशीचे अभ्रे, शर्टाच्या पाठी, वाळकी पानं. निळा नको झाला की ते चित्र चिमूटभर सोड्याच्या पाण्यातून काढून कडक चहात भिजत घालायचे, म्हणजे ते तपकिरी व्हायचं. घरात पाहुणा आला आणि चहाचा डबा रिकामा निघाला की ताई शांतपणे म्हणायची, "आज चहा तळ्याला पाजलाय."

ताई हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. नोकरीची सगळी वर्षं एका काचेच्या खोलीत, कानाला फोन. अख्ख्या गावाला तिचा आवाज माहीत, चेहरा कुणाला नाही. भाजीवाला तिला ओळखायचा नाही, पण तिने भाव विचारला की चमकून वर बघायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या काही थंड्यांत तीही भाऊजींबरोबर तळ्यावर जायची. ते आकडे मोजत उभे, आणि ही गारठून पाय मोकळे करायला कॅमेऱ्यासमोरून इकडून तिकडे चालायची. त्या कॅमेऱ्याचं असं आहे, की जे हलत नाही ते येतं. खांब येतो, झाड येतं. चालतं माणूस येत नाही, पुसून जातं. मालगाड्यांच्या यार्डातल्या फोटोत एकही हमाल दिसत नाही, ते त्यामुळे. हे मला ताईनेच सांगितलं, गेल्या थंडीत.

तिची शेवटची ड्यूटी आठवड्यावर आली होती. त्यानंतर ती लेकीकडे जाणार होती. माझी भाची पार दुसऱ्या टोकाच्या थंड शहरात असते, तिला मूल झालेलं. ताई कोटाचं माप द्यायला दुकानात आली आणि म्हणाली, "दोन शिव."

"दोन कशाला? थोड्या महिन्यांचा तर प्रश्न."

ती आरशात बघत होती. म्हणाली, "मी परत येणार नाहीये."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी ओरडले नाही.

"भांडण नाही, काही नाही," ती म्हणाली. "मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण भिंतीवर बघ. तळं, खांब, होडी. गोधडीसुद्धा आहे. माझा एक नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, तू हलतेस. अगं, पहिल्या वर्षांतल्या त्या प्रत्येक फोटोत मी आहे. दिसत मात्र नाही. तिकडे लेकीकडे निदान ते पोर माझ्याकडे बघेल. यांना सांगू नकोस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा प्रकार. मला दोघांचाही राग आला. त्यांचा जास्त. पण शब्द दिला होता, म्हणून मूग गिळून बसले. करड्या लोकरीचं जाड कापड आणलं. दुकानात उतरवून घ्यायला भाऊजीच मदतीला आले आणि गठ्ठा हातात तोलून बघून गेले.

दोन दिवसांनी ते परत आले. त्यांना डबल चादरीएवढं पांढरं सुती कापड हवं होतं.

"आता काय, तंबू छापणार?" मी विचारलं.

"झाड," ते म्हणाले.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या झाडाच्या फांद्या छाटल्या होत्या आणि भाऊजींनी त्या गोळा करून ठेवल्या होत्या. निगेटिव्ह नाही, काच नाही, फांद्याच चादरीवर मांडायच्या आणि सावली छापायची. ती चादर त्यांना ताईबरोबर द्यायची होती, तिकडे पांघरायला. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं, की बायको चालली आणि याला झाडं सुचतायत.

ताई शेवटची रात्रपाळी करून सकाळी घरी आली, त्याच दिवशी भाऊजींनी रजा घेतली होती. हॉस्पिटलवाल्यांनी दिलेला गुच्छ तिने टेबलावर ठेवला, आणि चहा घेते न घेते तोच हे म्हणाले, "जरा वर येतेस? वारा आहे. चादरीच्या एका कोपऱ्याला वीट कमी पडतेय."

तीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि बाईला बढती मिळाली विटेची. पण ताई गेली. तशी ती नेहमीच जात आली.

ऊन शेजारच्या इमारतीच्या आडून बाहेर आलं होतं. कोटाच्या बाहीची लांबी पुन्हा बघायची म्हणून मी टेप घेऊन वर गच्चीवर गेले. दारातच भाऊजींनी ओठांवर निळं बोट ठेवलं. ताई कोपऱ्यावर बसली होती, ती बसल्या बसल्या आत सरकून कलंडली होती. रात्रभराची जागी, पाठीला ऊन, आणि खाली स्वच्छ कापड. एका कुशीवर, हात उशाशी घेऊन ती चादरीच्या मधोमध गाढ झोपली होती. आणि भाऊजी अनवाणी पायांनी तिच्या भोवतीच्या फांद्या एक एक करून उचलत होते. पेल्यांच्या ढिगातून पेला काढावा, तसं जपून.

"अंगावर काही घाला तिच्या!" मी दबक्या आवाजात म्हटलं. "गार वारा आहे."

त्यांनी मान हलवली. म्हणजे नाही. पांघरूण घातलं असतं तर त्याची सावली आली असती, ताईची नाही. मला अस्सा संताप आला! तरी मी निघून गेले नाही, पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. त्यामुळे एक गोष्ट बघायला मिळाली. भाऊजी तिच्याजवळ उकिडवे बसले होते, आणि ऊन जसं सरकत होतं तसे तेही सरकत होते. आपली सावली तिच्यावर पडू नये म्हणून. आकडे मोजत नव्हते. नुसते बघत होते. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते, पण धुकं सोडून कशाकडे इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं.

वाऱ्याने दार आपटलं तशी ताई जागी झाली आणि ओशाळून उठली. "तुमचं झाड बिघडवलं मी!"

"राहू दे झाड," भाऊजी म्हणाले आणि चादर पाण्याच्या टबात सोडली.

पिवळट रंग पाण्यात सुटत गेला. निळा वर आला. आणि त्या निळ्यात पांढरी, कुशीवर झोपलेली एक बाई. गुडघे जरासे वर, मानेवर अंबाडा. एका बाजूची कड चाकूने कापल्यासारखी, दुसऱ्या बाजूची मऊ, कारण ऊन सरकलं होतं.

ताई वाकून बघत राहिली. "ही मी?"

"तूच."

"एवढीशी?"

भाऊजी हसले. मग म्हणाले, "थांब, निळा अजून गडद करतो. हातमोजे घालतो, तू म्हणतेस तसे."

आता इथे थोडं सांगायला हवं. भाऊजींच्या दोन बरण्या आहेत, दोन्ही सारख्याच. एकीत लिंबूसत्व, त्याने निळा खुलतो. दुसरीत सोडा, त्याने निळा उडतो. दोन्ही पांढरे. चिठ्ठी चिकटवा म्हणून ताईने किती वेळा सांगितलं असेल, पण पालथ्या घड्यावर पाणी. "हाताला कळतं," असं त्यांचं म्हणणं. लिंबूसत्व साखरेसारखं खरखरीत, सोडा पिठासारखा. हाताला कळायचंही. पण बोटं फाटतात म्हणून ताई ज्या रबरी हातमोज्यांसाठी मागे लागलेली असायची, ते त्यांनी त्या दिवशी तिचं मन राखायला पहिल्यांदा घातले. आणि बरणीकडे तरी बघावं, तर बघत होते तिच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बायकोकडे बघत काम करायला गेला, आणि नेमका तिथेच घात झाला. चिमूटही नाही, चांगली मूठभर पूड टबात पडली.

निळा आधी जांभळट झाला. भाऊजींनी चादर उपसली, नळाखाली धरली, पण डोळ्यांदेखत रंग गेला. फिक्कट पिवळं, ओलं, डागाळलेलं कापड हातात राहिलं. झाड नाही, बाई नाही.

ताईने पदराला हात पुसले. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस? याच्यातही नाही आले मी." आणि जिना उतरून गेली. आवाज तिचा तोच, फोनवर 'डॉक्टर जागेवर नाहीत' सांगायचा.

मग माझा शब्द मोडला. "ती परत येणार नाहीये, भाऊजी," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांचे हातमोजे थेंब थेंब गळत होते. "दोन कोटांचं कापड होतं ते."

"माहीत होतं, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला बोलता येत असतं तर मी फोटो काढले असते का?"

ते चादर पिळून टबाच्या कडेला टाकून उठले. "कागदावर चहाने परत येतं," म्हणाले. "कापडावर, इतक्या सोड्यानंतर, माहीत नाही. तुझ्याकडे चहा किती आहे?"

माझ्याकडे अर्धा डबा होता. त्यांच्याकडे थोडा. दोन्ही मिळून त्या टबात अंगठा भिजला नसता. तेव्हा ज्या माणसाने कधी कुणाकडे साधी सुई मागितली नाही, तो इमारतीचं एक एक दार वाजवत निघाला. या लोकांना त्यांनी लिफ्टमधून सोडवलेलं, पण नमस्कारापलीकडे कुणाशी बोलणं नाही. ओले निळे हात पुढे करून म्हणायचे, "चहापूड आहे? असेल तेवढी." एकीने घाबरून डबाच दिला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, "कुणी गेलं का हो तुमच्याकडे?"

"जाणार आहे," भाऊजी म्हणाले. "म्हणूनच."

मी माझ्या दुकानातल्या शेगडीवर पातेल्यावर पातेलं चढवलं आणि उकळतं पाणी लिफ्टने वर नेलं. शेजारणी ताईकडे जाऊन विचारू लागल्या, एवढे पाहुणे कोण येणार आहेत? तेव्हा ती बॅग भरायची टाकून वर आली.

भाऊजी टबापुढे गुडघ्यावर बसून झाडूच्या दांड्याने चादर ढवळत होते. काळाकुट्ट चहा, वाफ, आणि आत पिवळं फडकं. काहीच दिसत नव्हतं. ताईला पाहिल्यावर ते थांबले. हात थांबला, आणि त्यांनी टबाकडे नाही, तिच्याकडे बघत विचारलं, "परत येशील ना?"

ताई टबापाशी आली. त्यांच्याकडे बघत राहिली.

"मला तुझ्याशिवाय नाही जमणार," ते म्हणाले. अगदी साधं, लिफ्टची तार तुटलीय असं सांगावं तसं. माझा हुंदका बाहेर आला, तो मी खोकल्यावर मारून नेला.

"आधी हलवा ते," ताई म्हणाली. "एका जागी काळं होतंय." आणि दांड्याचं दुसरं टोक तिने हातात घेतलं.

ऊन कलेपर्यंत दोघं ढवळत होती. मी दोनदा खाली जाऊन गिऱ्हाईक करून आले. दुसऱ्यांदा वर आले, तेव्हा कापडाची कड करडी झाली होती. मग तपकिरी. मग काळ्या शाईत चहा सांडावा तसा रंग, कुठे दाट, कुठे पातळ. आणि मध्ये, सावकाश, ती परत आली. हात उशाशी, गुडघे वर, अंबाडा. आता ती पांढरी नव्हती, दुधाच्या चहाच्या रंगाची होती. पावलं नीटशी आली नाहीत. तिथे सोडा जास्त बसला होता.

"पाय गेले," भाऊजी म्हणाले.

"जाऊ द्या," ताई म्हणाली. "पाय आले असते तर चालले असते. म्हणजे मग पुन्हा पुसून गेले असते."

तेव्हा ती दोघं हसली, आणि मला कळलं की आता मी खाली गेलेलं बरं.

तिकीट काढलेलं होतं, बाळ वाट बघत होतं, त्यामुळे जायचं ते ठरल्याप्रमाणे ताई गेलीच. निघायच्या दिवशी ती कोट घालून बघायला दुकानात आली. चादर घडी करून तिने बॅगेत सगळ्यांत वर ठेवली होती आणि दुकानभर चहाचा वास सुटला होता. भाऊजी बाहेर रिक्षा थांबवून उभे होते. कोट अंगाला बरोबर बसला. ताई आरशात बघत होती, मागच्या वेळेसारखीच.

"दुसरा कापलास का गं?" तिने विचारलं.

पाठ, दोन बाह्या, कॉलर, सगळं कापून मेजावर पडलं होतं. आठवडा झाला होता.

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग राहू दे. एक थंडी एका कोटात निघते."

मेजावरच्या बाह्यांवर मी वर्तमानपत्र सरकवलं, आणि तिचं वरचं बटण लावून दिलं.